विश्रांती कुणाच्या वाट्याची?



गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावरच्या शनिवारी आम्ही चार मित्र दोन दिवसांसाठी जव्हारकडे डोंगरात राहायला गेलो होतो. चौघेही एकाच शाळेतले आणि चौघांनीही साठी ओलांडलेली. एक शिक्षक म्हणून निवृत्त झाला, दुसरा बँकेतून. तिसऱ्याची अजून वाडी आहे. मी पस्तीस वर्षे विरार लोकलने चर्चगेटला जाऊन-येऊन नोकरी केली. 'एकदा निवांत कुठे तरी जाऊ या' असे आम्ही किती वर्षे म्हणत होतो, त्याचा हिशेब नाही. कुणाच्या घरी लग्न निघे, कुणाच्या घरी आजारपण. शेवटी शिक्षक मित्राच्या भाच्याने डोंगरात बांधलेले एक छोटे घर दोन दिवस आम्हाला मोकळे करून दिले आणि आम्ही निघालो. अट एकच होती. रविवारी दुपारी दोनला परत निघायचे, म्हणजे संध्याकाळची मिस्सा चुकणार नाही.

घर पाहूनच मन शांत झाले. कारवीच्या कुडाच्या भिंती, वरून शेणामातीचा गिलावा, डोक्यावर कौले आणि शेणाने सारवलेली जमीन. वीज होती, पण दिवा एकच. मोबाईलला रेंज मिळाली तर मिळाली. अंगणातून खाली पाहिले की उतरत गेलेली भाताची खाचरे दिसत. काही कापून झालेली, काहींत पीक अजून उभे होते. ऑक्टोबरचा उकाडा सरला होता. गवत पिवळे पडू लागले होते. सकाळी त्यावर दव आणि संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी एवढा गारवा. शरद ऋतूत आकाश धुतल्यासारखे का वाटते, ते अशा जागी गेल्यावर कळते.

त्या घराची राखण एक आदिवासी जोडपे करते. त्यांची झोपडी पन्नास पावलांवरच आहे. घरात म्हातारा बाप आणि दहा-अकरा वर्षांची एक मुलगी. पाहुणे आले की स्वयंपाकपाणीही तीच दोघे करतात. आम्ही पोहोचलो तेव्हा ताईने चुलीवर नागलीच्या भाकऱ्या, उडदाचे वरण आणि मिरचीचा ठेचा करून ठेवला होता. वसईच्या माणसाला मासळीशिवाय जेवण गोड लागत नाही म्हणतात, पण त्या दुपारी आम्ही दोन-दोन भाकऱ्या अधिक खाल्ल्या आणि ओसरीवर आडवे झालो.

संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटवली. जुन्या गप्पा निघाल्या. शाळेतले मास्तर, सणाची मिरवणूक, विहिरीत मारलेल्या उड्या. जे मित्र आता या जगात नाहीत त्यांचीही आठवण निघाली. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना, म्हणून आम्ही त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हटली. मग बँकवाला मित्र म्हणाला, "काय सुखी आहेत बघा ही माणसं! ना लोकल पकडायची घाई, ना कर्जाचे हप्ते. खरी शांती इथेच आहे." आम्ही तिघांनीही माना डोलावल्या.

रात्री अकराच्या सुमारास कुणाला तरी पुन्हा चहाची तल्लफ आली. मीच उठलो आणि झोपडीच्या दिशेने हाक मारली, "ताई, चार कप चहा मिळेल का?"

ती आली. पदर सावरत, अर्धवट झोपेतच. मागे विजेरी घेऊन तिची मुलगी होती. आईने चूल पेटवेपर्यंत ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि उभ्या उभ्याच तिला डुलकी लागली. हातातली विजेरी हळूहळू खाली झुकली आणि उजेड तिच्याच अनवाणी पायांवर पडला. चहा झाला. आम्ही प्यायलो. चहा चांगला होता. कुणीही काही बोलले नाही, कारण कुणाला काही खटकलेच नव्हते. मलाही नाही. मी फक्त ते पाय पाहिले आणि झोपायला गेलो.

पहाटे जाग आली ती धप्-धप् अशा आवाजाने. घड्याळात पावणेपाच झाले होते. बाहेर आलो तर खळ्यावर कंदिलाच्या उजेडात नवराबायको भात झोडत होती. भारा उचलायचा, फळीवर आपटायचा, पेंढा बाजूला टाकायचा आणि पुढचा भारा घ्यायचा. मी जवळ गेलो तसा तो ओशाळून म्हणाला, "आवाजाने उठलात का साहेब? तुम्ही चहाला उठायच्या आत जेवढं होईल तेवढं उरकून घेत होतो."

"एवढी घाई कशाला?" मी विचारले.

"गुरुवारी भट्टीचा ट्रक येतोय ना."

मग हळूहळू कळले ते असे. दोघांनी वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतली होती. ती फेडायला भात घरात आले की भिवंडीकडे जायचे आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच राहून विटा पाडायच्या. म्हातारा इथे घर सांभाळणार. मुलगी कुठे राहणार हे अजून ठरायचे होते. इथे ठेवली तर म्हाताऱ्यालाच तिला सांभाळावे लागेल, सोबत नेली तर शाळा बुडेल. झोडायचे भात अजून निम्मे बाकी होते आणि हातात चार दिवस होते. त्या चारांपैकी दीड दिवस आमच्या चहा-भाकरीत गेला होता.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातली कितीतरी कुटुंबे सुगी आटोपली की अशीच खाली उतरतात, हे मला काही नवीन नव्हते. वसई, विरार, भिवंडी, ठाणे इथल्या भट्ट्यांवर आणि बांधकामांवर तीच राबतात. सकाळी नाक्यावर टिकाव-फावडे घेऊन उभी असलेली ही माणसे आपण रोज पाहतो. पण त्या पहाटे पहिल्यांदाच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आम्ही विश्रांतीसाठी डोंगर चढून वर आलो होतो आणि ही माणसे कामासाठी तोच डोंगर उतरून खाली जाणार होती, आमच्याच गावांकडे. माझे घर मी २००९ साली बांधले. त्याच्या विटा कुठल्या भट्टीवरून आल्या, त्या कुणाच्या हातांनी पाडल्या, हे मी कधी विचारले नव्हते.

ओसरीवर बसलो तेव्हा मला माझे वडील आठवले. आमच्या वाडीत रहाट होता आणि तो ओढायला एक रेडा. सहा दिवस रेडा डोळ्यांना झापड बांधून गोल गोल फिरायचा. शनिवारी संध्याकाळी वडील केळींना आणि पानवेलींना थोडे जास्त पाणी सोडायचे आणि रविवारी रहाट बंद. मी लहान असताना एकदा विचारले, "बाबा, रेडा कुठे मिस्सेला जातो? त्याला कशाला सुटी?" वडील फार शिकलेले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "जुंपलेला तो असतो, आपण नाही. मग सुटी आधी कुणाला हवी?"

पुढे बायबल वाचू लागलो तेव्हा समजले की वडिलांनी सांगितले ते दहा आज्ञांतच आहे. शब्बाथाची आज्ञा जुन्या करारात दोन ठिकाणी येते आणि दोन्हीकडे तिचे कारण निराळे दिले आहे. 'निर्गम' ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात कारण असे की देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मात्र इस्राएली लोकांना आठवण दिली आहे की तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता. म्हणून तुमच्या दासाला, दासीला, बैलाला, गाढवाला आणि तुमच्या गावात राहणाऱ्या परक्यालाही तुमच्यासारखीच विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे पाहा, ती आज्ञा केवळ 'तू विश्रांती घे' एवढे सांगून थांबत नाही. 'तुझ्यामुळे ज्याला राबावे लागते त्यालाही घेऊ दे' असे ती सांगते.

'निर्गम' ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात हीच गोष्ट आणखी एका शब्दाने सांगितली आहे. दासीच्या मुलाने आणि परक्याने शब्बाथ दिवशी ताजेतवाने व्हावे, असे तिथे म्हटले आहे. मूळ हिब्रू भाषेत त्यासाठी जे क्रियापद आहे ते 'नेफेश' म्हणजे श्वास, जीव या शब्दाशी नाते सांगणारे आहे. आपल्या भाषेत 'दम घेणे' म्हणतात तसे. हे क्रियापद बायबलमध्ये फार थोड्या वेळा येते. त्यांतली एक जागा याच ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे आणि तिथे दम घेणारा आहे स्वतः देव. सृष्टी निर्माण करून देवाने जसा दम घेतला, तसाच दम दासीच्या लेकराने घ्यावा. दोघांसाठी शब्द एकच! दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपलेल्या त्या मुलीला मी हा शब्द कसा लावणार होतो?

मित्र उठल्यावर मी हे सारे त्यांना सांगितले. आमच्यात थोडा वादही झाला. तो इथे सांगतो, कारण प्रत्येकाच्या म्हणण्यात काही तथ्य होते.

बँकवाला मित्र म्हणाला, "अरे, आपण फुकट थोडेच राहतोय? त्यांना पैसे मिळतात. उद्या सगळ्या पाहुण्यांनी आपापली भाकरी थापली तर यांच्या हाती काय राहील? भट्टीपेक्षा हे काम बरेच की." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दया म्हणून कुणाचे काम काढून घेणे हा त्याच्यावर दुहेरी अन्यायच आहे. पण थोडा विचार केल्यावर वाटले, प्रश्न कामाचा नाहीच, कामाला शेवट आहे की नाही याचा आहे. दुपारच्या भाकरीचे पैसे आम्ही देत होतो. पण रात्री अकराला मारलेली हाक त्या पैशांत कधी आणि कशी येऊन बसली? 'पैसे दिले' म्हटले की माणसाची वेळही आपलीच झाली, असे आपण किती सहज धरून चालतो!

वाडीवाला मित्र थोडा रागावूनच म्हणाला, "पस्तीस-चाळीस वर्षे आपण घाम गाळला. ही विश्रांती आपण कमावलीय. आता तिच्यातही अपराधीपणा वाटून घ्यायचा का?"

या प्रश्नावर मी बराच वेळ अडकलो. तुम्हीही जरा थांबून विचार करा, कारण सगळा प्रश्न इथेच आहे. विश्रांती खरोखर कमावायची गोष्ट आहे का?

आपण तसेच मानतो. आधी कष्ट, मग आराम. पण उत्पत्तीच्या पहिल्या कथेकडे नीट पाहिले तर क्रम उलटा दिसतो. देवाने मनुष्य घडवला सहाव्या दिवशी आणि सातवा दिवस विसाव्याचा. म्हणजे माणसाच्या आयुष्यातला पहिला पूर्ण दिवस सुटीचा होता! तोपर्यंत त्याने एक काडीही उचलली नव्हती. विश्रांती त्याला पगारासारखी मिळाली नाही, देणगी म्हणून मिळाली. आणि जे देणगी म्हणून मिळते त्यावर 'हे माझ्या कष्टाचे' असा हक्क सांगता येत नाही. ते कमाई नसलेल्यांनाही तेवढेच मिळायला हवे. अपराधी वाटून घेण्याची गरज नाही. शेकोटीजवळ बसणे, मित्रांशी हसणे, काही न करता आभाळाकडे पाहणे यात पाप नाही. पण ती देणगी आहे हे विसरून आपण तिला कमाई समजलो की दुसऱ्याच्या वाट्याचीही आपण नकळत उचलतो.

आज रविवारची सुटी आपल्याला सूर्य उगवण्याइतकी सहज वाटते. पण आपल्या मुंबईत ती सहज आलेली नाही. गिरण्यांतले कामगार पहाटेपासून दिवे लागणीपर्यंत राबत आणि आठवड्याची हक्काची सुटी त्यांना नव्हती. महात्मा जोतिराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगाला दिले. दर रविवारी सुटी हवी आणि दुपारी अर्धा तास विसावा हवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. ते सत्यशोधक होते. पण दासालाही दम घेता यावा ही शब्बाथाची आज्ञा मुंबईच्या गिरण्यांत त्यांनीच आणली, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे कामगारांविषयीचे परिपत्रक काढले. कामगाराला रविवारी विसावा मिळालाच पाहिजे असे त्यात बजावले आहे आणि सोबत एक इशाराही दिला आहे. हा विसावा म्हणजे नुसते आळसात लोळणे नव्हे आणि पैसे उधळून चैन करण्याचे निमित्त तर नव्हेच नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली प्रभूच्या दिवसाविषयी एक स्वतंत्र पत्र लिहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील 'लाउदातो सी' या परिपत्रकात दासीच्या मुलाचे आणि परक्याचे तेच वचन पुन्हा आपल्यापुढे ठेवले. घरकामगारांना आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केला, तोही २०११ साली. लोखंड्यांच्या विजयानंतर एकशे एकवीस वर्षांनी! स्वयंपाकघरापर्यंत रविवार पोहोचायला एवढा वेळ लागला आणि पुष्कळ घरांत तो अजूनही पोहोचलेला नाही.

तर, त्या सकाळी आम्ही काय केले?

आधी एक फजिती केली. चार म्हाताऱ्यांनी बाह्या सरसावल्या आणि भारे वाहायला खळ्यावर गेलो. वाडीवाला मित्र सोडला तर एकालाही भारा नीट धरता येईना. शिक्षक मित्राच्या हातून अर्धे दाणे वाटेतच सांडले. ताई तोंडाला पदर लावून हसू लागली. शेवटी तो भला माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही बसा. मला लवकर उरकायचंय." आमची मदत त्याला कामापेक्षा जड होत होती.

मग आम्ही चुलीकडे वळलो. धुराने डोळे चुरचुरले, पण चहा आणि कांदेपोहे जमले. चौघांना बोलावले. म्हातारबाबा लगेच बसले. मुलगीही बसली. तो बऱ्याच आग्रहाने बसला. ताई काही बसली नाही. ताटली हातात घेऊन ती उभ्यानेच खात राहिली. मी दोनदा म्हटले, मग गप्प राहिलो. एका सकाळच्या पोह्यांनी इतक्या वर्षांचे उभे राहणे संपत नसते. प्रभू येशूने पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी रात्रभर थकलेल्या शिष्यांसाठी निखाऱ्यावर मासे भाजून ठेवले, ही गोष्ट आपण दर पास्काकाळात ऐकतो. ती ऐकायला गोड वाटते. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वाढले त्याला वाढून घेणे किती अवघड जाते, ते मला त्या दिवशी दिसले.

शेवटी शिक्षक मित्रानेच खरा उपाय सांगितला. "आपण निघू या," तो म्हणाला. "दोन वाजेपर्यंत थांबलो तर दुपारचे जेवण, पुन्हा भांडी, पुन्हा पाणी. ते पाणी विहिरीवरून तिलाच आणायचंय. आपण नसलो तर यांना सबंध दिवस मिळेल." आम्ही ठरलेले सगळे पैसे दिले, दुपारच्या जेवणाचेही, आणि नऊ वाजता निघालो. मुलीच्या शाळेविषयी शिक्षक मित्र तिच्या वडिलांशी बराच वेळ बोलला. भट्टीवर जाणाऱ्यांच्या मुलांना गावातल्याच वसतिगृहात ठेवता येईल का, याची चौकशी करायचे त्याने कबूल केले आणि पुढे ती केलीही. त्याचे काय झाले, ही वेगळी गोष्ट आहे. ती अजून पूर्ण झालेली नाही, म्हणून इथे सांगत नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. शिष्य थकून आले आहेत, लोकांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नाही. प्रभू त्यांना म्हणतो, चला, एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या. होडीत बसून मित्रमंडळी निघते. पण लोक पायी धावत त्यांच्या आधीच तिथे पोहोचतात. प्रभूला त्यांचा राग येत नाही, कळवळा येतो. पूर्वी हा उतारा ऐकला की मला शिष्यांची कीव यायची. बिचाऱ्यांची सहल बुडाली! आता वाटते, प्रभूने विसाव्याला नाही म्हटले नव्हते, बोलावणारा तर तोच होता. फक्त समोर आलेल्या माणसाला न दिसल्यासारखे करून मिळणारा विसावा त्याला नको होता.

आम्ही दुपारी घरी पोहोचलो. मला ठरल्यापेक्षा लवकर आलेला पाहून पत्नी म्हणाली, "इतक्यात आलात?" तिच्या आवाजात आनंद होता, पण थोडी निराशाही होती. मी विचारले, "काल काय केलंस?" ती म्हणाली, "काही नाही. पेज केली, सुकं बोंबील भाजलं आणि दुपारी तीन तास झोपले. तुम्ही नव्हतात ना, म्हणून मीही सुटीवर होते."

दीडशे किलोमीटर फिरून आलेल्या माझ्या विचारांना तिने उंबरठ्यावरच उत्तर दिले होते. आमच्या घरात रविवारचे जेवण सणासारखे असते. पहिल्या मिस्सेच्या आधी उठून वाटण, मिस्सेहून आल्यावर कोंबडी, दुपारी पाहुणे, संध्याकाळी पुन्हा चहा. चाळीस वर्षे मी त्याला 'आपला रविवार' म्हणत आलो. त्यात तिचा किती होता, हे मी मोजले नव्हते. आणि ती जेवणाची भांडी घासायला जी बाई येते, ती तर सहा वर्षे एकही रविवार न चुकवता येत होती. चुकवला की आमचाच चेहरा उतरायचा.

बंधू-भगिनींनो, मी कुणाला उपदेश करायला हे लिहिलेले नाही. माझ्या डोळ्यांसमोरचे मला साठ वर्षे दिसले नाही, मग दुसऱ्याला काय सांगू? पण येत्या रविवारी मिस्सेहून घरी जाताना आपण प्रत्येकाने मनात एक छोटी यादी करून पाहावी. माझ्या आजच्या निवांतपणासाठी कोण जागे आहे? चुलीपाशी कोण आहे? इमारतीच्या फाटकावर बारा तासांची पाळी कुणाची आहे? त्यातल्या काही जणांच्या बाबतीत आपल्या हातात काही नसेल. दवाखाने, गाड्या, पोलीस यांना सुटी देता येत नाही. पण यादीत एक तरी नाव असे निघेल, ज्याची विश्रांती केवळ आपल्या सवयीमुळे अडली आहे.

आमच्या घरी आता एक बदल झाला आहे. भांडी घासणाऱ्या ताईला रविवारी सुटी असते आणि पगार तेवढाच. रविवारचे जेवण दोनच पदार्थांचे झाले आहे आणि भांडी मी घासतो. सुरुवातीला तिला भीती वाटली, कामावरून काढणार की काय! दोनदा सांगावे लागले. महिनाभराने मी तिला सहज विचारले, "रविवारी काय करतेस आता?"

ती जरा लाजली. "काही नाही हो," म्हणाली, "झोपते."